जे रोपाने घेतले नाही, ते कुठे जाते?



कर्माचा विषय निघाला की आपण सहसा दिसणाऱ्या कर्माबद्दल बोलतो. कुणाला दुखावले, कुणाला मदत केली, खोटे बोललो, दान दिले. आज ज्या कर्माचा विचार करायचा आहे ते डोळ्यांना दिसत नाही, नाकाला बहुतेक वेळा कळत नाही, आणि ते करणाऱ्याच्या मनात वाईट हेतूही नसतो. ते भाजीच्या मळ्यात घडते. टोमॅटोच्या, कोबीच्या, कांद्याच्या, पालकाच्या वाफ्यात खत पडते, पाणी दिले जाते, आणि पुढच्या काही दिवसांत त्या खताचा एक भाग वायू होऊन निघून जातो. तो भाग रोपाच्या पोटात गेला नाही, आपल्या ताटातही आला नाही. मग तो गेला कुठे? आणि त्याचे फळ कोण भोगणार?

तुमच्यापैकी काहीजण शेती करतात. कुणी नाशिक-नारायणगावकडे, कुणी कोलार किंवा मदनपल्लेच्या बाजूला टोमॅटो लावत असेल. बाकीचे बरेचजण शहरात राहतात आणि भाजी फक्त खातात. हा लेख दोघांसाठी आहे. खाणाऱ्यांनी "हा आपला विषय नाही" म्हणून इथेच थांबू नये, एवढी विनंती. वाट फिरून शेवटी आपल्याच स्वयंपाकघरात येणार आहे.

आधी नत्राची ओळख करून घेऊ. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात ७८ टक्के नत्र असतो. तो आत जातो आणि तसाच बाहेर येतो, शरीर त्याला हातही लावत नाही. रोपांचेही तेच. पान हिरवे व्हायला, दाणा भरायला, आपल्या शरीरातली प्रथिने बनायला नत्राशिवाय चालत नाही, आणि तरीही चहूकडे पसरलेला हा नत्र रोपाला घेता येत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ती मिठी सोडवणे कुणालाही सोपे नाही. आकाशातली वीज ती थोडीफार सोडवते. हरभरा, मूग, चवळी यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू ती सोडवतात. हजारो वर्षे माणसाची शेती एवढ्या मर्यादित देण्यावर चालली.

१९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हेबर यांनी प्रयोगशाळेत हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभारला आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. आज गावच्या कृषी सेवा केंद्रात जी युरियाची गोणी मिळते तिची गोष्ट तिथून सुरू होते. जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न या शोधावर उभे आहे असा अंदाज आहे. त्याच हेबर यांनी १९१५ मध्ये युद्धात विषारी वायू वापरण्याच्या कामाचे नेतृत्व केले, आणि १९१८ सालचे नोबेल पारितोषिकही त्यांनाच मिळाले. एकाच बुद्धीतून अन्न आणि विष दोन्ही निघाले.

रासायनिक खताला सरसकट शिव्या देणारे लेखन आपल्या वर्तुळात खूप वाचायला मिळते. मला ते पटत नाही. ज्या घरात दोन्ही वेळा चूल पेटते त्या घराने ती कशामुळे पेटते याचा आदर ठेवावा. प्रश्न खत वापरण्याचा नाही, मापाचा आहे. रोपाला जेवढे घेता येते आणि ज्या वेळी घेता येते, त्यापलीकडचे दिलेले रोपाला पोचतच नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी माथी पडते.

मातीत काय घडते ते पाहू, कारण ते समजल्याशिवाय पुढचे बोलणे नुसता उपदेश होईल.

युरिया मातीत पडला की एक-दोन दिवसांत त्याचा अमोनिया होऊ लागतो. खत ओल्या जमिनीवर नुसते वरून फेकले असेल, ऊन असेल, जमीन चुनखडीची असेल, तर यातला बराच अमोनिया तिथूनच उडून जातो. तो पुढे हवेतल्या इतर वायूंशी मिळून अतिसूक्ष्म धूलिकण बनवतो, तेच जे हिवाळ्यात उत्तर भारताच्या छातीवर बसतात. उपग्रहांच्या नकाशांत गंगा-यमुनेचे मैदान अमोनियाच्या जगातल्या सर्वांत ठळक डागांपैकी एक दिसते. दिल्ली-लखनौकडच्या आपल्या साधकांना हे वेगळे सांगायला नको.

जो अमोनिया मातीत राहतो त्याचे जिवाणू नायट्रेट करतात. रोप मुख्यतः हे नायट्रेट पिते. पण नायट्रेट पाण्यात सहज विरघळते आणि मातीत फार काळ टिकून राहत नाही. थोडे पाण्याबरोबर खाली विहिरीकडे उतरते. आणि वाफा तुडुंब भरला, मातीच्या कणांमधली हवा संपली, की तिथले दुसरे जिवाणू श्वासासाठी प्राणवायू मिळेनासा झाल्यामुळे नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेऊ लागतात. त्या कामात नायट्रेट पायरी-पायरीने पुन्हा वायू होत जाते. शेवटच्या पायरीला ते पुन्हा साधा नत्र होते, जो हवेतून आला होता तोच, निरुपद्रवी. चक्र पूर्ण होते.

अडचण शेवटून दुसऱ्या पायरीवर आहे. तिथे जो वायू तयार होतो त्याचे नाव नायट्रस ऑक्साईड. १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी तो शोधला. दातांच्या दवाखान्यात भूल देण्यासाठी वापरतात तो हसवणारा वायू हाच. मातीत नायट्रेट जेमतेम असेल तर जिवाणू शेवटची पायरीही चढतात, हाताशी आहे ते सगळे वापरून संपवतात. नायट्रेटची रेलचेल असेल तर ती शेवटची पायरी बऱ्याचदा राहून जाते. अर्धवट झालेला वायू तसाच वर निसटतो. हे वाचताना मला थांबावेसे वाटले. टंचाईत जे काम पूर्णत्वाला जाते ते मुबलकतेत अर्धे राहते, हे आपल्या साधनेबाबत आपण किती वेळा ऐकले आहे! मातीतल्या जिवाणूलाही तोच नियम लागू असावा याचे आश्चर्य वाटते.

भाजीच्या मळ्यात हे सगळे जास्त का घडते? कारण भाजी घाईचे पीक आहे. बहुतेक भाज्यांची मुळे उथळ, कांद्याची तर वीतभर खोलीच्या आतच. पाणी वारंवार द्यावे लागते. वर्षात एकाच जमिनीत दोन-तीन पिके निघतात. आणि बाजारात भाव चांगला मिळेल या आशेवर शेतकरी खताचा हात सैल सोडतो, कारण भाव पडला तरी खतामुळे पडला असे कुणी म्हणू नये. कोबी-फ्लॉवर काढल्यावर शेतात राहिलेल्या पानांतही भरपूर नत्र असतो. ती पाने लवकर कुजतात आणि तोही मोकळा होतो.

शास्त्रज्ञ हे मोजतात ती पद्धत साधी आहे. मातीत एक चौकट दाबून बसवतात, तिच्यावर झाकणाची पेटी ठेवतात, आणि काही-काही मिनिटांनी सुईने आतली हवा काढून घेतात. प्रयोगशाळेत त्या हवेतला वायू मोजतात. एरवी आलेखाची रेघ जमिनीला टेकून चाललेली असते. खत आणि पाणी एकत्र पडले की ती एकदम वर उठते, थोडे दिवस तिथे राहते आणि उतरते. हंगामात निसटलेल्या वायूचा मोठा वाटा या मोजक्याच दिवसांतला असतो. आपल्या रागाचेही असेच असते. वर्षभरातली चार-पाच मिनिटे, पण नुकसान त्याच मिनिटांतले.

आता फळाचे बोलू.

नायट्रस ऑक्साईड एकदा वर गेला की सरासरी शंभराहून अधिक वर्षे वातावरणात राहतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो पृथ्वीला कर्बवायूच्या २७३ पट तापवतो. त्यातच, अगदी उंचावर गेल्यावर तो ओझोनच्या थराला पोखरतो. मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ ए. आर. रविशंकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००९ मध्ये दाखवून दिले की आज माणसाकडून सोडल्या जाणाऱ्या वायूंमध्ये ओझोनचे सर्वाधिक नुकसान करणारा हाच आहे. ओझोन वाचवण्यासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रिअलचा करार झाला, त्याच्या बंदीच्या यादीत हा वायू नाही.

शास्त्रात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत हे आपण जाणतो: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. इतके दिवस मी ते शब्द फक्त व्यक्तीपुरते समजत होते. पण पाहा. १९६० च्या दशकात, हरितक्रांतीच्या काळात आपल्या देशात युरियाच्या गोण्या शेतात रित्या होऊ लागल्या. त्यांतून निसटलेल्या नायट्रस ऑक्साईडपैकी निम्म्याहून अधिक अजूनही आपल्या डोक्यावर आहे. ज्यांनी तो सोडला त्यांच्यापैकी बरेचजण देवाघरी गेले. कारखान्यांच्या युगाआधी हवेच्या अब्ज भागांत हा वायू सुमारे २७० भाग होता, आता तो ३३५ च्या वर आहे. हे आपले संचित. बिघडलेला पाऊस, वाढलेला उन्हाळा, ही त्यातून वाट्याला आलेली प्रारब्धाची एक बाजू. आणि उद्या सकाळी वाफ्यात पडणारी मूठ हे क्रियमाण. तिघांपैकी एवढे एकच आपल्या हातात आहे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. शास्त्रातले सगळे कळते असा माझा दावा नाही, पण हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून एक हिशेब.

महाराष्ट्रात संकरित टोमॅटोसाठी हेक्टरी ३०० किलो नत्राची शिफारस केली जाते. म्हणजे एकरी १२० किलो, सुमारे सहा गोण्या युरियाइतके. जगभरच्या मोजमापांवरून सर्वसाधारण धरलेले प्रमाण असे की दिलेल्या नत्रापैकी सुमारे १ टक्का नायट्रस ऑक्साईड होऊन जातो. जमीन, पाणी, हवामान यांनुसार हे कमी-जास्त होते. आपण १ टक्काच धरू. एकरी १.२ किलो नत्र गेला. युरियात मोजले तर अडीच किलोच्या थोडे वर. ४५ किलोची गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते, म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान किती? पंधरा रुपये.

आता तोच हिशेब आकाशाच्या वहीत लिहू. १.२ किलो नत्राचा जवळजवळ १.९ किलो नायट्रस ऑक्साईड होतो. त्याला २७३ ने गुणा. ५०० किलोंहून अधिक कर्बवायूइतकी उष्णता, म्हणजे अर्धा टन. सव्वादोनशे लिटर पेट्रोल जाळल्यावर जेवढा कर्बवायू निघतो तेवढी. चांगली चालणारी दुचाकी त्यात दहा हजार किलोमीटर जाईल. हे एका एकराचे, एका हंगामाचे, आणि तेही शिफारशीइतकेच खत दिले तर. गरजेपेक्षा जास्त टाकलेल्या नत्रातून निसटण्याचे प्रमाण आणखी वाढत जाते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

एका वहीत पंधरा रुपये, दुसऱ्या वहीत अर्धा टन. या दोन आकड्यांमध्ये सगळा विषय आहे. आम्हाला शिकवतात की माणूस नुकसान टाळतो, म्हणून बाजार चुका आपोआप दुरुस्त करतो. इथे तो करणार नाही. पंधरा रुपयांसाठी कोण सवय बदलेल? त्यात युरियाच्या किमतीचा कितीतरी मोठा भाग सरकार भरते, त्यामुळे एक मूठ जास्त पडल्याचे दुःख शेतकऱ्याच्या खिशाला जाणवतच नाही. कायदा पकडत नाही, शेजाऱ्याला वास येत नाही, पीक तक्रार करत नाही. जिथे बाजार, कायदा आणि लोकलज्जा तिन्ही गप्प बसतात, तिथे माणसाला थांबवणारे एकच उरते. त्यालाच आपल्या पूर्वजांनी धर्म म्हटले असावे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचे चक्र सांगितले आहे. अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस, आणि कर्मापासून यज्ञ. जो या चक्रातून घेतो आणि परत देत नाही त्याला भगवंतांनी सरळ चोर म्हटले आहे. आपण हे वाचताना मनात देवाला नैवेद्य दाखवण्याचे चित्र आणतो. पण नत्राचे चक्र याच शब्दांत बसते, ओढूनताणून नव्हे. हवेतून घेतले, अन्न झाले, मातीत गेले, पुन्हा हवेत गेले. आपण मधे एवढे ओतले की चक्र पूर्ण फिरायच्या आधीच अर्धवट वायू बाहेर पडू लागला, आणि ज्या पावसावर तेच अन्न उभे आहे तो पाऊस बिघडू लागला. यमांमध्ये अस्तेय आहे. शेजाऱ्याच्या घरातून वस्तू न उचलणे आपल्याला जमते. जो अजून जन्मला नाही त्याच्या आकाशातून न उचलणे, हे अस्तेय आपण कधी मोजलेच नाही.

एक बारीकसे विषयांतर करते. अनुवादाची सेवा करताना मला 'उत्सर्जन' हा शब्द रोज लिहावा लागतो. सर्जन, विसर्जन आणि उत्सर्जन हे तिन्ही एकाच 'सृज्' धातूपासून आले आहेत, आणि त्याचा अर्थ सोडणे असाही आहे आणि निर्माण करणे असाही. म्हणजे जे मी सोडते ते मी निर्माण केलेले असते. सोडले म्हणजे संपले, ही आपली समजूत भाषेलाही मान्य नाही.

"मग सेंद्रिय करा, गाईचे शेण वापरा, प्रश्न मिटला," असे सत्संगात कुणीतरी हमखास म्हणतो. हे म्हणणाऱ्यांचा भाव चांगला असतो, पण गोष्ट इतकी सरळ नाही. नायट्रेट खाणारा जिवाणू ते गाईकडून आले की कारखान्यातून, हे विचारत नाही. चांगल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असते. दहा टन शेणखत म्हणजे सुमारे ५० किलो नत्र, जवळजवळ अडीच गोण्या युरियाइतके. ते सावकाश सुटते, एकाच हंगामात सगळे मिळत नाही, आणि त्याच्यामुळे जमिनीला पोत येतो, पाणी धरून राहते. हे त्याचे मोठे गुण आहेत आणि मी ते कमी लेखत नाही. पण होते असे की शेतकरी शेणखत किंवा कोंबडखत भरपूर घालतो, आणि युरियाचा हप्ता मात्र पूर्वीएवढाच ठेवतो. शेणखत 'पुण्याचे' म्हणून हिशेबात धरलेच जात नाही. वर मोकाट पाणी सोडले की त्या जिवाणूंना नायट्रेटही मिळते आणि चघळायला सेंद्रिय पदार्थही. तेव्हा वायू कमी न होता वाढू शकतो. पवित्र वस्तू मापाबाहेर दिली तर ती पवित्र म्हणून माफ होत नाही.

मापाबद्दल शिकायचे तर द्विदल पिकांकडे पाहावे. चवळीच्या, हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात. रोप तिथल्या जिवाणूंना साखर पुरवते, जिवाणू त्याला हवेतला नत्र देतात. पण मातीत आधीच भरपूर नायट्रेट असेल तर रोप गाठी कमी करते. घरात असताना बाहेरून मागवत नाही! त्याला कुणी अपरिग्रह शिकवला नाही. आपण प्रवचने ऐकून, लिहून, अनुवाद करूनही फ्रीज भरलेला असताना पिशवी घेऊन बाजारात जातो.

शेती करणाऱ्या बंधूंनो, तुम्हाला शेती शिकवण्याचा अधिकार मला नाही. जे कृषी विद्यापीठे सांगतात आणि अनुभवी शेतकरी करतात तेवढेच इथे मांडते. मातीची परीक्षा करून घ्या. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आहे, ती पत्रिका कपाटात ठेवण्यासाठी नाही. नत्र एकदम न देता हप्त्याने द्या, आणि वरखत नुसते फेकू नका, मातीआड करा. भरपूर पाऊस येणार असेल किंवा मोकाट पाणी सोडायचे असेल त्याच्या आदल्या दिवशी युरिया टाकू नका, वाफसा येऊ द्या. ठिबक असेल तर रोज थोडे-थोडे देता येते, आणि माती तुडुंब होत नसल्याने हा वायूही कमी निघतो. युरियाला निंबोळीचे लेपन असते ते याच कारणासाठी. कडुनिंबातली द्रव्ये नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची घाई जरा कमी करतात. दिल्लीच्या पुसा संस्थेत यावर कितीतरी आधी काम झाले होते, आणि २०१५ मध्ये देशातला सगळा युरिया निमलेपित करणे बंधनकारक झाले. ज्या झाडाची पाने आपण पाडव्याला खातो, ते झाड मातीतही संयमच शिकवते.

हात आखडता घेतला तर उत्पादन घटेल, ही भीती खरी आहे. डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला "कमी टाक" म्हणणे सोपे नाही, आणि शहरात बसून म्हणणे तर फारच सोपे आहे. म्हणून एवढेच सांगते की रोपाला लागते ते कमी करा असे कुणी म्हणत नाही. चीनच्या शानदोंग प्रांतात हरितगृहांतल्या भाजीला वर्षाला हेक्टरी हजार किलोहून अधिक नत्र दिला जात होता. तिथल्या प्रयोगांत तो निम्म्याहून कमी केला तरी टोमॅटोचे उत्पादन घटले नाही. इतका भार रोपे घेतच नव्हती. आपल्याकडच्या कांद्यातही हे दिसते. लागवडीला दोन महिने झाल्यावर नत्र देऊ नये असे सांगतात, कारण मग पात माजते, मान जाड राहते आणि चाळीत कांदा सडतो. उशिरा दिलेला नत्र शेतकऱ्याला दुप्पट पडतो: आधी गोणीला, मग चाळीत.

अरणचे संत सावता माळी यांची आठवण इथे येते. पंढरपूर जवळ असूनही ते मळा सोडून गेले नाहीत, मळ्यातल्या भाजीतच त्यांना विठ्ठल दिसला. आपण ही गोष्ट भक्तीची म्हणून ऐकतो. ती शेतीची म्हणूनही ऐकता येईल. ज्याला समोरच्या रोपात देव दिसतो तो त्या रोपाजवळ थांबतो, त्याला किती तहान आहे, किती भूक आहे ते पाहतो. देवाला नैवेद्य दाखवताना आपण पानात मावेल तेवढेच वाढतो.

आता आपण खाणारे.

गडद हिरवा पालक हातात घेतो आणि फिकट बाजूला सारतो, तेव्हा आपण शेतकऱ्याला एक निरोप पाठवत असतो. भाजीवाली तो निरोप आडत्याला देते, आडत्या शेतकऱ्याला, आणि पुढच्या वेळी वाफ्यात एक मूठ जास्त पडते. गंमत अशी की जास्त नत्रावर वाढलेल्या पालेभाजीत नायट्रेटही जास्त साठते. म्हणजे रंगाला भुलून आपण जे निवडले ते अधिक पौष्टिक असतेच असे नाही. खालच्या पानांचा रंग जरा उतरलेली जुडी घेऊन पाहा. चवीत फरक पडतो का ते तुम्हीच ठरवा.

आणि जी भाजी फेकली जाते तिचा हिशेब सर्वांत वाईट. तिच्यासाठी खत पडले, पाणी पडले, वायू निघाला, आणि कुणाचीही भूक भागली नाही. फेकल्यावर कचऱ्याच्या ढिगात कुजताना ती आणखी वायू सोडते. अर्धवट राहिलेली पायरी शेतात एकदा, आणि आपल्या घरी दुसऱ्यांदा. मिताहार म्हणजे ताटात कमी घेणे एवढाच अर्थ आपण लावला आहे. बाजारातून किती आणले हा भाग त्यातून निसटलाच.

अन्नदान हे महादान आहे यात शंका नाही, आणि आपल्या केंद्रांवर ते मनापासून होते. पण 'कमी पडू नये' या एका वाक्याने किती पातेली जास्त शिजतात हे सेवेला उभे राहिलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. उरलेली बटाट्याची भाजी रात्री नऊ वाजता कोण घेऊन जाणार, यावर जी कुजबूज होते तीही पाहिली असेल. यजमानाला कमी पडण्याची लाज वाटते, उरल्याची वाटत नाही. शेतकरीही हेच म्हणतो: कमी पडू नये. भीती एकच आहे, एकाच्या हातात गोणी आणि दुसऱ्याच्या हातात पळी, एवढाच फरक.

पुढच्या भंडाऱ्याची यादी करायला बसाल तेव्हा भाजीच्या किलोचा आकडा लिहिण्याआधी, मागच्या वेळी किती उरली होती ते स्वयंपाकाच्या सेवेत असलेल्या ताईंना विचारा. त्यांना ते तोंडपाठ असते. आजवर त्यांना कुणी विचारलेले नसते.